महाकाय रेडिओ दुर्बीण आखताना: खोडदच्या तीस तबकड्या समोर ठेवून

रेडिओ दुर्बिणीच्या आराखड्याची सुरुवात तबकडीच्या व्यासापासून करू नये. आधी तरंगलांबी ठरवावी. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला उभी असलेली जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही दुर्बीण आखताना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटर तरंगलांबीचा पट्टा निवडला आणि पुढचे बहुतेक निर्णय त्या निवडीतूनच निघाले.

पृष्ठभागातली छिद्रे तरंगलांबीच्या साधारण दहाव्या भागाहून लहान असली, तर त्या लहरीच्या दृष्टीने तो पृष्ठभाग सलग पत्र्यासारखाच असतो. अवकाशातल्या हायड्रोजन वायूतून निघणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची. तेव्हा ४५ मीटर व्यासाची तबकडी भरीव करण्याचे कारणच उरत नाही. खोडदला स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी पोलादी दोरांवर ताणून बसवली आहे. मध्यभागी तिची छिद्रे १० मिलिमीटरची, तर कडेकडे जाताना १५ आणि २० मिलिमीटरची आहेत. तबकडीखाली उभे राहून वर पाहिले, तर जाळीतून आकाश दिसते. वाराही तसाच आरपार जातो, त्यामुळे सांगाड्यावरचा भार कमी होतो, पोलाद कमी लागते आणि वाचलेल्या पैशांत अँटेनांची संख्या वाढवता येते. माझ्या मते या आराखड्यातले सर्वांत देखणे काम हेच आहे.

त्यानंतर अँटेनांची मांडणी करावी. एकट्या तबकडीला १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच २१ सेंटिमीटरच्या लहरीवर, पौर्णिमेच्या चंद्राहून थोडाच लहान असा आकाशाचा तुकडा एकसंध दिसतो, त्यातले बारकावे दिसत नाहीत. पण सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या ३० तबकड्या जोडल्या, की अंशाच्या अठराशेव्या भागाइतके बारकावे वेगळे करता येतात. प्रत्येक दोन अँटेनांमधले अंतर हे एक स्वतंत्र मोजमाप असते आणि तिसांच्या ४३५ जोड्या होतात. द्राक्षबागेतल्या खांबांसारख्या समान अंतराच्या ओळींत त्या उभ्या केल्या, तर तीच अंतरे पुन्हा पुन्हा येतात आणि नवी माहिती फारशी मिळत नाही. म्हणून १४ अँटेना सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर आहेत. जवळच्या जोड्या पसरट, अंधूक स्रोत टिपतात आणि लांबच्या जोड्या बारकावे दाखवतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची आकाशाच्या संदर्भातली दिशाही बदलते आणि त्याच जोडीतून नवी मोजमापे मिळतात, म्हणून एकाच स्रोताचे निरीक्षण काही तास सलग करावे.

जागा निवडताना डोंगरांचा आडोसा असलेला, शहरी गोंगाटापासून दूरचा प्रदेश पाहावा; विजेच्या तारांवरची ठिणगीही या पट्ट्यात त्रासदायक ठरते. सर्व अँटेनांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एका ठिकाणी आणावेत. फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. तो विलंब, तसेच स्रोताची लहर प्रत्येक अँटेनाकडे वेगवेगळ्या वेळी पोहोचल्याने पडणारा फरक सतत भरून काढावा लागतो. त्यानंतरच जोड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहता येतात.

संकेत ग्रहण करणाऱ्या यंत्रणेचा तरंगलांबीचा पट्टा मात्र शक्य तितका रुंद ठेवावा. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या हायड्रोजनची लहर ताणली जाते. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली २१ सेंटिमीटरची लहर खोडदला ४८ सेंटिमीटरची होऊन पोहोचली. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो संकेत सुमारे तीसपट वाढवला होता, म्हणून तो सापडला. हे संशोधन २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले.

शिवाय, अनेक अँटेनांचे संकेत एकाच लयीत मिळवून त्यांची जणू एकच मोठी तबकडी करण्याची सोयही मूळ आराखड्यातच ठेवावी, कारण पल्सारचे, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत रेडिओ झोत टाकणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजण्यासाठी ती लागते. खोडदला वर्षानुवर्षे मोजलेले असे ठोके युरोपीय दुर्बिणींच्या नोंदींना जोडले गेले आणि २०२३ च्या जूनमध्ये अतिशय कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींचे जे पुरावे जगभरातल्या गटांनी मांडले, त्यांत या नोंदींचाही वाटा होता.