सामुदायिक भित्तिचित्र: भिंत तपासण्यापासून देखभालीपर्यंत

स्थानिक कला समितीची पहिली बैठक बहुतेक वेळा ‘चित्र कशाचं काढायचं’ यावरच अडकते. तो प्रश्न मागे ठेवा. आधी भिंत, मग मालकाची लेखी परवानगी, मग पैसे आणि चौथ्या क्रमांकावर विषय. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या हातापर्यंत ६ ते ८ महिने धरा. त्यातलं प्रत्यक्ष रंगकाम दोन-तीन आठवड्यांचंच असतं.

भिंत

हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे गिलावा सुटलेला आहे. खडूने खूण करा, तो भाग खरवडून नव्याने भरावा लागेल. मग अर्धा मीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब धरले तर भिंतीत ओल आहे.

तळाकडे पांढरी भुकटी दिसली तर लोणा लागलाय. ओलीबरोबर क्षार वर चढतात, पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात आणि रंगाच्या थराखाली साठून त्याचे पोपडे पाडतात. यावर महागडं प्रायमर मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पाणी येतंय कुठून ते शोधा: गळका पाइप, फुटकी पन्हळ, भिंतीला टेकून टाकलेली माती. ते बंद करून भिंत वाळायला वेळ द्या. तेवढा वेळ नसेल तर दुसरी भिंत बघा.

नव्या सिमेंट गिलाव्याला किमान २८ दिवस हात लावू नका. त्यानंतरही अल्कलीला दाद न देणारंच प्रायमर वापरा. जुना रंग असेल तर ब्लेडने फुली मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर जुना थर पूर्ण उतरवल्याशिवाय नवा रंग टिकणार नाही.

दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीवर स्वस्तातले भडक गुलाबी-पिवळे आणि फ्लुरोसंट रंग आधी विटतात. काव, गेरू, तपकिरी हे लोह-ऑक्साइडचे रंग, थॅलो निळा-हिरवा आणि टायटॅनियम पांढरा उन्हाला चांगले टिकतात. चित्रकाराला हे रेखाटनाच्या आधी सांगा, नंतर नव्हे.

कागदपत्रं आणि निवड

मालकाच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: चित्र किती वर्षं राहणार (५ पेक्षा कमी असतील तर खर्च परवडत नाही), भिंत पाडण्या-रंगवण्याआधी किती दिवसांची सूचना देणार (९० ठीक) आणि दुरुस्तीसाठी आत-बाहेर करायला परवानगी. चित्रकाराशी वेगळा करार. कलाकृतीची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावण्याविरुद्धचा कलावंताचा हक्क बर्न करारात (लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) १९२८ पासून आहे. त्यामुळे पुढे चित्र झाकायचं किंवा काढायचं झालं तर काय करायचं, हे आजच लिहून ठेवा.

सगळ्यांकडून फुकट रेखाटनं मागवू नका. चांगले चित्रकार अशा स्पर्धांकडे फिरकत नाहीत. आधी फक्त जुनी कामं मागवा, त्यातून तिघे निवडा आणि त्या तिघांना मानधन देऊन आराखडा करून घ्या. निवड मंडळ ५ किंवा ७ जणांचं ठेवा. त्यात भिंतीसमोर राहणारी एक व्यक्ती आणि बांधकाम कळणारी एक व्यक्ती हवीच. परिसरातल्या लोकांचं म्हणणं चित्रकार नेमण्याआधी ऐका. आराखडे मतदानाला टाकले की सर्वांत गुळगुळीत चित्र निवडून येतं. पण लोकांना विचारलंच नाही तर काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे: रिचर्ड सेराचं ‘टिल्टेड आर्क’ हे सुमारे ३६ मीटर लांबीचं पोलादी शिल्प १९८१ मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या चौकात उभं राहिलं, चौक अडवल्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९८९ मध्ये ते तोडून हलवावं लागलं.

अंदाजपत्रकात परांची आणि विमा हमखास विसरले जातात. अडीअडचणीसाठी १० टक्के आणि देखभालीसाठी वेगळे १० टक्के बाजूला काढा.

रंगाचा हिशोब

१२ बाय ४ मीटरची भिंत म्हणजे ४८ चौरस मीटर. खडबडीत गिलाव्यावर बाहेरचा अ‍ॅक्रिलिक रंग लिटरला साधारण ७ चौरस मीटर पुरतो. म्हणजे प्रायमरच्या एका हाताला ७ लिटर, रंगाच्या दोन हातांना १४ लिटर, वर १० टक्के. मोठ्या भागाचा रंग लागेल तेवढा एकदमच मिसळून ठेवा. दुसऱ्यांदा मिसळलेली छटा जुळत नाही. प्रत्येक छटेची पाव लिटरची बाटली नाव-क्रमांकासह दुरुस्तीसाठी राखून ठेवा.

लोकांनी रंगवायचा दिवस

इथेच गोंधळ होतो, आणि तो संख्येचा असतो. एका माणसाला दीड मीटर रुंदी धरली तर १२ मीटरवर एका वेळी ८ जण. दीड तासाच्या चार पाळ्या केल्या तर ३२ जण, त्याहून जास्त नाहीत. दर चौघांमागे एक सरावलेला माणूस. लोकांनी हात पोचेल तेवढंच रंगवायचं; परांचीवर फक्त प्रशिक्षित माणसं.

बाह्यरेषा आणि भागांचे क्रमांक आदल्या दिवशी खडूने किंवा मऊ पेन्सिलने काढा. मार्करने काढाल तर त्याची शाई पुढच्या थरांतून वर येते. रंग झाकणाच्या छोट्या डब्यांत, डब्यावर तोच क्रमांक. ‘घट्ट वाटतोय’ म्हणून कोणीतरी पाणी ओततंच. दहा टक्क्यांपुढे पाणी गेलं की रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा कमी पडतो आणि पुढे बोट फिरवलं तरी भुकटी लागते. पाण्याची बादली टेबलाजवळ ठेवूच नका. भिंत सावलीत असेल ती वेळ निवडा: तापलेल्या भिंतीवर रंग ओढण्याआधीच सुकतो आणि रोलरचे पट्टे राहतात. प्रत्येक भागाच्या कडेचे दोन सेंटिमीटर चित्रकारासाठी सोडा.

दोनशे लोकांनी नावं दिली असतील तर भिंतीचा नाद सोडा. न विणलेल्या पातळ पॉलिएस्टर कापडावर चित्राचे तुकडे आखून द्या. ते टेबलावर, पावसापाण्यातही, व्हीलचेअरवर बसूनही रंगवता येतात. नंतर जाणकार माणसं ते भिंतीवर अ‍ॅक्रिलिक जेलने चिकटवतात. हवेचे फुगे मधून कडेकडे दाबत काढायचे आणि सांध्यांवर पुन्हा रंगाचा हात द्यायचा. कापडाची कड उघडी राहिली की पाणी तिथूनच शिरतं.

नंतर

संरक्षक लेप रंग पुरता सुकल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी. मेणाचा लेप गरम पाण्याने, त्यावर कोणी काही खरडलं असेल तर त्यासकट, निघतो, पण पुन्हा मारावा लागतो. पॉलियुरेथेनचा टिकतो, मात्र तो वाफ कोंडून धरतो, म्हणून ओलीची शंका असलेल्या भिंतीवर नकोच. उद्घाटनाबद्दल एवढंच: परांची उतरल्यावरच तारीख जाहीर करा. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या जागांवरून फोटो काढून जुन्याशी ताडून बघा. कोणी खरडलं असेल तर दोन दिवसांत पुसा. ते तसंच राहिलं की शेजारी दुसरं येतं. पोपडे बोटभर असताना राखीव बाटलीतला रंग पुरतो. एक चतुर्थांश भिंत गेली असेल तर डागडुजी करू नका. करार काढून चित्रकाराला फोन करा.