घराचा ताबा घेताना आणि सोडताना: माझी तपासणीची पद्धत

स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सिंकच्या उजव्या कोपऱ्यापाशी, वीतभर लांबीची एक बारीक चीर होती. राहायला गेले त्या दिवशीच मला ती दिसली होती. पण मालक इतके गोड बोलत होते की एवढ्याशा चिरेवर बोट ठेवणं मला कसंसंच वाटलं. तीन वर्षांनी घर सोडताना त्यांनी नेमकं त्याच चिरेवर बोट ठेवलं. "हे कधी झालं?" पहिल्यापासूनच होती, असं मी म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं, माझ्याकडे फोटो नव्हता, आणि डिपॉझिटमधून अख्ख्या ओट्याचे पैसे कापले गेले. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांना खरंच आठवत नसावं.

त्यानंतर चार घरं बदलली. घर सोडतानाचं निम्मं काम मी आता घरात शिरायच्या दिवशीच उरकते.

वेळ दिवसाची हवी आणि घर रिकामं हवं. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना तपासणी होत नाही, नुसती घाई होते. चावी मिळाल्यावर टेम्पो बोलवायच्या आधी दोन तास मोकळे ठेवायचे. दोन खोल्यांच्या घरालाही दीड तास सहज लागतो. मालक किंवा त्यांचं माणूस सोबत असलेलं उत्तम, पण त्यांना घाई असेल तर आधी एकटीने फिरून घ्यावं आणि सापडलेलं मग त्यांना दाखवावं.

आधी न थांबता एक व्हिडिओ काढते. सुरुवात बाहेरच्या दारापासून, घराचा क्रमांक दिसेल अशी, तोंडाने तारीख बोलत. प्रत्येक खोलीत शिरल्यावर उजव्या हाताची भिंत धरून गोल फिरायचं, म्हणजे कोपरा सुटत नाही. मग फोटो. प्रत्येक डागाचे दोन: एक लांबून, जागा कळावी म्हणून, आणि एक जवळून, शेजारी नाणं धरून. नाण्याशिवाय काढलेला ओरखडा फोटोत बोटभर वाटतो की हातभर, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

भिंतींसाठी मोबाइलचा टॉर्च पुरतो, पण तो भिंतीवर समोरून मारायचा नाही. भिंतीला चिकटवून, आडवा. तिरप्या उजेडात फुगलेलं प्लॅस्टर, बुजवलेली भोकं, रंगाखालची भेग, सगळं सावली टाकतं. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्याकडे नीट बघायचं. तिथे पोपडे सुटले असतील किंवा पांढरी पूड, म्हणजे लोणा दिसत असेल, तर भिंतीत ओल आहे. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्या तीन जुन्या, हे दिसलं की मी पलीकडे काय आहे ते बघते. बहुतेक वेळा न्हाणीघर असतं. फरशीवर नाण्याने टकटक करत जायचं. पोकळ आवाज आला तर ती टाइल खाली नीट चिकटलेली नसावी. ती तुमच्या पायाखाली फुटली तर बिल तुमच्याच नावावर.

पाण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण पाण्याचा बिघाड दिसतो उशिरा आणि भोवतो सगळ्यांना. सिंक बूच लावून काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं. नळ नुसता वाहता ठेवला तर खालच्या पाइपची गळती बरेचदा दिसत नाही. भरलेल्या सिंकचा लोट आला की दिसते. त्या वेळी खालच्या कपाटात डोकं घालून, हात फिरवून बघायचं. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाकून अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. न ओढताच कमोडात रंग उतरला तर टाकी झिरपते आहे. पाण्याचं मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा बघायचा. आकडा सरकतच राहिला, तर कुठेतरी पाणी जातंय. मोरीतून वास आला तर मात्र लगेच बोंब मारू नये. घर बरेच दिवस बंद असलं की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या खळग्यातलं, पाणी आटतं आणि वास वर येतो. दोन तांबे पाणी ओतायचं. दुसऱ्या दिवशीही वास राहिला तरच तक्रार लिहायची.

विजेचं काम सोपं आहे. चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेटला लावत फिरायचं, सगळे दिवे-पंखे लावायचे, गीझर पाणी भरल्याची खात्री करून सुरू करायचा. विजेच्या मीटरचा फोटो असा काढायचा की मीटरचा क्रमांक आणि रीडिंग एकाच चौकटीत येईल. दारं-खिडक्या, कड्या, ड्रॉवर सगळं उघडून मिटून बघायचं. कपाटांच्या मागच्या कडेला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी.

आता कागद. "बेसिन खराब" असं लिहून काही उपयोग नाही. "बेसिनच्या नळाची मूठ सैल, बंद केल्यावरही थेंब पडतो" असं लिहायचं. खोलीवार, एका ओळीत एक वस्तू, आणि चांगलं आहे तेही नोंदवायचं, नाहीतर समोरच्याला ती नुसती तक्रारयादी वाटते. चाव्यांची संख्या लिहायची. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, आणि करारनाम्याला जोडलेली एक प्रत आपल्याकडे. शेवटी एक ओळ मी आग्रहाने घालते: "सात दिवसांत लक्षात आलेले दोष यात धरले जातील." राहायला लागल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. फोटो त्याच दिवशी मालकांना ईमेलने पाठवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर त्याचा आकार कमी होऊन बारकावे जातात आणि कॅमेऱ्याने आत नोंदलेली तारीखही गळून पडते. तिथेच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मालकांना हे सगळं कसं सांगायचं, हा खरा अवघड भाग. मी म्हणते, "काका, यादी करून ठेवू या, म्हणजे जाताना मी काही मोडलं असेल तर तुम्हाला लगेच दाखवता येईल." हे खरंही आहे. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एकांनी मात्र संपूर्ण वेळ दारात उभं राहून घड्याळ पाहिलं.

घर सोडताना दोन फेऱ्या करते. पहिली पंधरा दिवस आधी, मालकांसोबत, तीच जुनी यादी हातात घेऊन. काय दुरुस्त करून हवं ते तेव्हाच कळतं आणि स्वस्तात करून घेता येतं. इथे झीज आणि मोडतोड यांतला फरक पक्का हवा. उन्हाने फिका पडलेला रंग, दारापाशी घासलेली फरशी, सैल झालेली बिजागरी ही झीज. ती भाड्यातच आली. दाराला पडलेलं भोक, तडकलेलं बेसिन, भिंतीवर पोरांनी काढलेली आगगाडी ही मोडतोड. आणि मोडतोड असली तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत द्यायची, असं नाही. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि तो चार वर्षांपूर्वीचा असेल, तर फार तर पाचव्या हिश्श्यावर बोलणं व्हावं. स्वतः पांढऱ्या रंगाचा डबा आणून ठिपके मारू नका. मी मारले होते. आधी भोक दिसत होतं, नंतर भोक आणि चट्टा.

दुसरी फेरी सामान गेल्यावर, झाडून-पुसून. तेच कोन, तोच उजवा हात, पुन्हा व्हिडिओ, पुन्हा मीटर. चाव्या दिल्याची पोच लिहून घ्यायची.

मागच्या घरी मालकांनी न्हाणीघरातल्या तुटक्या टाइलकडे बोट दाखवलं. मी यादीचं तिसरं पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला, स्वतःची सही पाहिली, आणि शांतपणे पुढचं पान उलटलं. त्यावर लिहिलं होतं, चाव्या पाच. माझ्याकडे चारच निघाल्या. पाचवीचे पैसे मी निमूट दिले.