खरा ‘कट’ आणि खोटा ‘कट’ : कमी खर्चाच्या विनोदी चित्रपटावर सहायक म्हणून काम करताना

वाई तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यात आमचे चित्रीकरण सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी, तिसऱ्या शॉटला, कॅमेरा मध्येच बंद पडला. बिघाड काहीच नव्हता. कथेतल्या दिग्दर्शकाची भूमिका करणारा नट संवादाच्या ओघात ‘कट!’ म्हणून ओरडला आणि कॅमेऱ्यावरच्या मुलाने सवयीप्रमाणे रेकॉर्डिंग थांबवले. गावातली हौशी नाटक मंडळी वर्गणी काढून चित्रपट करायला निघतात आणि त्यातून जो गोंधळ उडतो, त्याची ती विनोदी गोष्ट होती. त्यामुळे पडद्यावरचे एक युनिट आणि पडद्यामागचे दुसरे, अशी दोन युनिटे १८ दिवस त्याच वाड्यात वावरत होती. मी तिथे दुसरा सहायक दिग्दर्शक होतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या अनेकांची सुरुवात अशाच एखाद्या तुटपुंज्या पैशांच्या चित्रपटावर होते, म्हणून त्या दिवसांत जे शिकायला मिळाले ते इथे लिहितो आहे.

त्या संध्याकाळी असे ठरले की खऱ्या दिग्दर्शकांनी ‘कट’ हा शब्द उच्चारायचाच नाही, त्याऐवजी ‘थांबा’ म्हणायचे, आणि ‘रोल साउंड, रोल कॅमेरा’ हे फक्त पहिल्या सहायकाने पुकारायचे. हा नियम तयारीच्या काळातच सुचायला हवा होता, कारण पटकथेत ‘कट’ हा शब्द पानापानावर लिहिलेला होता आणि आम्ही सर्वांनी ती पटकथा वाचलेली होती. पटकथा गोष्ट म्हणून वाचणे आणि काम म्हणून वाचणे यांत केवढा फरक आहे, हे मला तेव्हा समजले.

काम म्हणून वाचण्याची रीत सोपी आहे, पण ती चिकाटीने पाळावी लागते. प्रत्येक पानाचे आठ भाग कल्पून कोणता प्रसंग किती अष्टमांश आहे हे मोजायचे. मग पात्रे, कपडे, वस्तू, वाहने, प्राणी, गर्दी यांवर वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करायच्या आणि त्यावरून प्रसंगवार तक्ता तयार करायचा. आमच्या तक्त्यात मी नंतर एक रकाना वाढवला : वस्तू ‘खरी’ की ‘कथेतली’. कारण आमच्याकडे दोन कॅमेरे होते, दोन क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला क्रमांक दाखवून वाजवायची पाटी) होते आणि दोन बूम (लांब दांड्यावरचा माइक) होते. कथेतला बूम म्हणजे वेळूच्या काठीला गोणपाटात गुंडाळून बांधलेला माइक. एकदा स्पॉटदादांनी, म्हणजे सेटवर चहापाणी आणि वरकाम पाहणाऱ्यांनी, तो निरुपयोगी समजून चुलीजवळच्या लाकडांत टाकला होता आणि पुढच्या शॉटची सगळी तयारी झाल्यावर आम्ही तो वाडाभर शोधत होतो. ज्याच्या हाती तक्ता असतो त्यालाच अशा वेळी हाक मारली जाते, मग तो युनिटमधला सर्वांत नवखा का असेना.

विनोदी चित्रपटात कपड्यांचा हिशेब फार काटेकोर ठेवावा लागतो, कारण माणसे पडतात, भिजतात, रंगाने माखतात. आमच्या कथेतला निर्माता पांढऱ्या धोतर-सदऱ्यात शेणकाल्याच्या खड्ड्यात पडतो असा प्रसंग होता. पैसे वाचवण्यासाठी तो पोशाख एकच घेतला होता. पहिल्या टेकला नट उत्तम पडला, पण मागून गावातली एक शेळी चौकटीत आली आणि टेक वाया गेला. मग धोतर विहिरीवर धुतले, जनरेटरच्या गरम हवेपुढे धरून वाळवले आणि त्याला इस्त्री केली. यात जवळजवळ तीन तास गेले आणि दुपारचे ऊन उतरल्यामुळे आधीच्या शॉटशी उजेड जुळेना. एका धोतर-सदऱ्याच्या किमतीपेक्षा त्या तीन तासांचे जनरेटरचे डिझेल आणि माणसांचे श्रम कितीतरी महाग पडले. म्हणून नवोदितांना माझे सांगणे आहे की पडण्या-माखण्याचा प्रसंग दिसला की पोशाखाचे किमान दोन, शक्यतो तीन जोड मागून घ्यावेत, आणि ते मिळणार नसतील तर तो प्रसंग त्या पोशाखाच्या सर्वांत शेवटच्या शॉटला लावण्याचा आग्रह धरावा. ‘बजेट नाही’ हे उत्तर ऐकल्यावर गप्प न बसता तासांचा हिशेब मांडून दाखवणे, हा सहायकाच्या कामाचाच भाग आहे.

आवाजाच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. चित्रीकरण सिंक साउंडने होत होते, म्हणजे संवाद तिथेच ध्वनिमुद्रित होत होते, आणि पहिल्या तालमीला युनिटमधले लोक इतके हसले की टेकच्या वेळी हसू दाबणे काहींना जमेना. त्यावर उपाय म्हणून कॅमेरा सुरू नसताना प्रत्येक प्रसंगाची तालीम सर्वांसमोर दोनदा घ्यायची आणि टेकच्या वेळी आवश्यक तेवढीच माणसे आत ठेवायची, अशी पद्धत आम्ही पाडली. दुसरी अडचण अधिक तांत्रिक होती. गोंधळाच्या प्रसंगात सगळे एकदम बोलतात आणि विनोदाची लय त्यातूनच साधते. पण क्लोजअपमध्ये एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचा आवाज पडला तर संकलकाला तो शॉट कापता येत नाही. म्हणून मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या दूरच्या शॉटमध्ये, नटांना एकमेकांच्या वाक्यांवर मनसोक्त चढू द्यायचे आणि क्लोजअप घेताना प्रत्येक वाक्याच्या मागेपुढे क्षणभर जागा सोडायला सांगायचे, असे ध्वनिमुद्रकांनी ठरवून दिले. नटांना हे सुरुवातीला कृत्रिम वाटते. संकलनात हीच मोकळी जागा उपयोगी पडते, हे त्यांना आधी समजावून सांगितले तर ते आनंदाने सहकार्य करतात.

चित्रपटाच्या आत चित्रपट घडतो, या प्रकारच्या विनोदाचा अभ्यास करायचा असेल तर २०१७ चा ‘वन कट ऑफ द डेड’ हा जपानी चित्रपट लक्ष देऊन पाहावा. सुमारे ३० लाख येन इतक्या अल्प खर्चात तो झाला आणि त्याचा आरंभ ३७ मिनिटांच्या एका अखंड शॉटने होतो. त्या शॉटमधल्या खटकणाऱ्या जागा प्रेक्षक आधी पाहतो आणि त्यांची कारणे त्याला नंतर कळतात. सगळे हसू या क्रमात आहे. म्हणजे पडद्यावरची प्रत्येक ‘चूक’ आधी मोजून मापून लिहिलेली असावी लागते. आमच्या दिग्दर्शकांनी गोंधळाचे सर्व प्रसंग जमिनीवर खडूने खुणा करून बसवले होते, आणि त्यात सुधारणा सुचवली तर ते ऐकून घेत, मात्र टेकमध्ये ऐनवेळी कोणी काही बदललेले त्यांना चालत नसे. ते योग्यच होते, असे मला आजही वाटते.

परवानगीची पत्रे नेहमी जवळ ठेवावीत. ग्रामपंचायतीचे पत्र, पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोच आणि जागामालकाची लेखी संमती यांच्या प्रती प्रत्येक सहायकाच्या पिशवीत असाव्यात. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण वांगणीला करत असताना भाले-तलवारी घेतलेली नटमंडळी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, असे सांगितले जाते. आमच्याही कथेत एक लुटीचा प्रसंग होता. रात्री दहाला गस्तीची गाडी आली तेव्हा पत्राची प्रत लगेच हाती देता आली आणि दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू झाले.

मानधनाचे बोलणे ईमेलवर पक्के करावे : रक्कम, हप्ते, राहण्या-जेवणाची सोय, प्रवासखर्च आणि श्रेयनामावलीत नाव कसे येणार हे सगळे. माझा शेवटचा हप्ता बराच रखडला होता. ईमेल होता म्हणूनच तो अखेर मिळाला.

आता क्लॅपविषयी. रोजचे चित्रण संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, तपासून मगच कार्ड पुसायचे हा नियम आम्ही नीट पाळला होता. तरीही चित्रीकरण संपल्यावर तीन आठवड्यांनी संकलकाचा फोन आला की अनेक शॉटच्या सुरुवातीला दोन क्लॅप दिसतात आणि दोन्हींवर वेगवेगळे क्रमांक आहेत, तेव्हा चित्र आणि ध्वनी जुळवायचे कोणत्या क्रमांकाने? कथेतल्या क्लॅपवरही आम्ही खऱ्यासारखेच आकडे लिहिले होते. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी शॉटनिहाय नोंदवही पूर्ण करत असे. त्यात टेकचा क्रमांक, ध्वनीच्या फाइलचा क्रमांक, वेळ आणि एका ओळीत काय घडले ते लिहिलेले होते. ती वही घेऊन मी पुण्याला संकलकांकडे गेलो. ‘शेळी आली’, ‘चहाचा कप डाव्या हातात’, ‘मागे कोणीतरी हसले’ अशा त्या एकेका ओळीवरून आम्ही दोन रात्रींत सगळे शॉट ओळखून लावले. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रपटावर मी खऱ्या क्लॅपच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवतो.