हर्पीसची रोजची गोळी घ्यायची की नाही, कसं ठरवायचं

आधी नावाचा घोळ मिटवू. हर्पीस म्हटलं की आपल्याकडे लोकांना नागीण आठवते. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आणि बहुतेकांना ती एकदाच होते. इथे विषय आहे जांघेत, जननेंद्रियावर पुन्हा पुन्हा उठणाऱ्या हर्पीसचा, आणि तो उठू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीचा. दोन्हींवर असायक्लोव्हिरच देतात, पण मात्रा वेगळी असते. नागिणीला ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा लागतं, म्हणून घरातल्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या चालणार नाहीत.

दुसरं, निदान पक्कं हवं. फोड ताजा असताना त्यातला स्राव घेऊन पीसीआर (विषाणू ओळखणारी तपासणी) केलेली चांगली. रक्तातल्या ‘आयजीएम’ या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीच्या) तपासणीवर विसंबू नका, तिच्यावरून काहीच ठरत नाही. पीसीआरमध्ये हर्पीस विषाणूचा प्रकार १ निघाला तर जननेंद्रियावर तो क्वचितच परत उठतो, तेव्हा रोजच्या गोळीची सहसा गरज पडत नाही. प्रकार २ मात्र चिवट.

आता मोजणी. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी एक साधा ठिपका द्या, कुणी विचारणार नाही. मुंग्या किंवा जळजळ सुरू झाली त्या तारखेला ठिपका, खपली पडली की दुसरा. सहा महिन्यांत चित्र दिसतं. वर्षाला सहा किंवा जास्त वेळा उठत असेल तर रोजची गोळी घेण्यात अर्थ आहे. अशा रुग्णांत उठण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटतं. वर्षातून दोन-तीनदाच उठत असेल तर तेवढ्यापुरतं औषध पुरतं: व्हॅलासायक्लोव्हिर (असायक्लोव्हिरच्याच जातीचं औषध) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस. पण ते मुंग्या येताच, निदान पहिल्या दिवसात सुरू करायला हवं. म्हणून चिठ्ठी आधीच लिहून घ्या आणि गोळ्या घरात ठेवा. फोड फुटल्यावर मेडिकल शोधत फिरलात तर उपयोग निम्मा गेला.

आकडा कमी असूनही रोज घ्यावी असं एक कारण आहे: जोडीदाराला लागण नसणं. विषाणू अंगावर फोड नसतानाही बाहेर पडतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यावर आली. निम्म्यावर, शून्यावर नाही. कंडोम सुटत नाही, आणि फोड असताना संबंध नकोतच.

मात्रा अशी: असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा. वर्षाला दहा किंवा जास्त वेळा उठत असेल तर ५०० कमी पडतं, डॉक्टर १ ग्रॅम देतात. असायक्लोव्हिर स्वस्त, पण संध्याकाळची गोळी हमखास विसरते. कामाची पाळी बदलती असेल, आज दिवसपाळी तर पुढच्या आठवड्यात रातपाळी, तर एकवेळची गोळी बरी. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, दोन एकदम नको.

सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. ते कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर वयस्कर माणसाला भ्रम होऊ शकतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये घाम गाळत, पाणी कमी पीत, वर अंगदुखीला रोज पेनकिलर घेत असाल तर मूत्रपिंडावर ताण येतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सिव्हिलच्या त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवता येतं. सरकारी कार्यक्रमातला लाल किट म्हणजे असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस. तो उठलेल्या फोडांसाठी असतो. तो संपला म्हणजे रोजचा उपचार झाला असं नाही, तो वेगळा मागावा लागतो. मेडिकलवाल्यानं दिलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र लावू नका, फोड चिघळतात.

दिवस गेले असतील तर हा हिशेब बाजूला ठेवा आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगा. सहसा ३६व्या आठवड्यापासून गोळी सुरू करतात.

गोळी जन्मभराची नसते. वर्षानं डॉक्टरांशी बोलून थांबवून पाहा. थांबवल्यावर लगेच एकदा जोरात उठू शकतं, तेवढ्यावरून निकाल लावू नका. निदान दोनदा उठू द्या, ठिपके चालू ठेवा आणि त्या दोहोंतलं अंतर पाहून पुन्हा ठरवा.