ट्रेसमधील बाइट वाचण्याआधी वेळ मोजा

प्रॉक्समार्क या संपर्कविरहित कार्डे तपासण्याच्या उपकरणाने टिपलेल्या आयएसओ १४४४३-ए (अशा कार्डांचे एक मानक) ट्रेसमध्ये, म्हणजे रीडर आणि कार्ड यांच्यातील संवादाच्या नोंदीत, ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ या रकान्यांतील आकडे मायक्रोसेकंदांत नसून १३.५६ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीच्या आवर्तनांत असतात, त्यांना १३.५६ ने भागले की मायक्रोसेकंद मिळतात.

रीडरची वेक-अप आज्ञा (कार्डाला जागे करणारी, हेक्स ५२) ९९२ वर संपली आणि कार्डाचे उत्तर २२२८ वर सुरू झाले, तर मधले अंतर १२३६ आवर्तने, म्हणजे सुमारे ९१ मायक्रोसेकंद भरते, आणि ते अगदी योग्य आहे, कारण या आज्ञेचा शेवटचा बिट १ आहे. तो ० असेल, जसा रिक्वेस्टमध्ये (जवळ कार्ड आहे का हे विचारणारी आज्ञा, हेक्स २६) असतो, तर ११७२ आवर्तनांचे अंतर दिसायला हवे. अँटीकोलिजन (अनेक कार्डांतून एक वेगळे काढणे) आणि सिलेक्टपर्यंत (ते कार्ड निवडणे) कार्डाला हीच वेळ पाळावी लागते, त्यामुळे एम्युलेटर (कार्डाची नक्कल करणारे उपकरण) किंवा रिलेचा (दूरच्या कार्डाशी संवाद पुढे पाठवण्याचा) संशय असल्यास ट्रेसचा हाच भाग आधी तपासावा. निवड झाल्यानंतरच्या आज्ञांना मात्र हा निकष लावू नये: तिथे कार्डाला विचार करायला (गूढलेखनाच्या आज्ञांना तर हमखास) अधिक वेळ लागतो, आणि आयएसओ १४४४३-४ (याच मानकाचा चौथा भाग) पाळणाऱ्या कार्डाने वेगळी मर्यादा कळवली नसेल, तर सुमारे ४.८ मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब नियमातच बसतो.