रोज एक टॅरो कार्ड काढा, पण पुस्तक लगेच उघडू नका

टॅरो, म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, म्हटलं की आपल्या कोल्हापुरात दोनच टाइपची माणसं भेटतात. एक म्हणणार हे सगळं थोतांड, दुसरी म्हणणार जरा माझं लग्न कधी जमतंय बघ की. भविष्य सांगायला ज्योतिषी आहेत, ते माझं काम नव्हे. रोज सकाळी एक कार्ड काढून, आपल्या मनाला जे आधीच कळलेलं असतं ते ऐकायची सवय कशी लावायची, एवढंच सांगणार आहे.

इन्ट्युशन म्हणजे काय ते बघायचं असेल तर सीझनला करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर जा. काहिलीत रस रटरटतोय, सगळे घामाघूम, आणि गुळव्या नुसता फेस आणि रंग बघत उभा. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. मधेच थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटानं चाचपतो आणि म्हणतो, उतरवा. आत्ताच का म्हणून विचारलं तर त्याला धड सांगता येणार नाही, पण गूळ बिघडत नाही. ही काय दैवी देणगी नव्हे, वर्षानुवर्षं बघून बघून ते डोळ्यात बसलेलं असतं. आपल्याकडंही असं बरंच साठलेलं असतं, माणसांबद्दल, ऑफिसबद्दल, घरातल्या वातावरणाबद्दल, फक्त सकाळी उठल्या उठल्या मोबाइल हातात घेतला की त्याला वर यायला जागाच राहत नाही. आणि हो, गुळव्या सुद्धा पाण्यात टाकून खात्री करून घेतो बरं का, ते डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता डेक, म्हणजे या पत्त्यांचा अख्खा संच. पहिल्यांदा घेत असाल तर रायडर-वेट पॅटर्नचाच घ्या, उगाच परी-बिरींचे चकचकीत डेक बघून भुलू नका. हा १९०९ साली लंडनमधे छापला गेला, कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. जुन्या बऱ्याच डेकमधे लहान पत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, नाणी मांडलेली असायची, आपल्या रमीच्या पत्त्यांवर बदाम असतात तशी. या बाईंनी लहान पत्त्यांवरही बहुतेक ठिकाणी माणसं आणि प्रसंग काढले, म्हणून आपल्या कामाला हाच बरा, बघायला काहीतरी आहे. २२ मोठी कार्डं म्हणजे मेजर अर्काना, ५६ लहान म्हणजे मायनर, त्यात वॉन्ड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी) असे चार गट, बास, सुरुवातीला एवढं माहिती असलं की झालं. डेक स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी गिफ्ट द्यावा लागतो असं कुणी म्हटलं तर खुशाल दुर्लक्ष करा. घरात आई किंवा सासूबाई म्हणाल्या की देवासमोर पत्ते कशाला, तर त्यांना सांगा की हे पंधराव्या शतकात इटलीत खेळायचेच पत्ते होते, भविष्याचा नाद या पत्त्यांना अठराव्या शतकात फ्रान्समधे लागला. (हे ऐकून त्या जास्तच चिडतील, कारण खेळायचे पत्ते म्हणजे जुगार. मग कपाटात ठेवा आणि विषय संपवा.) पावसाळ्यात मात्र जपा, जुलैमधे आपल्याकडं कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथं कार्डांचं काय, फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाचा डबा आणि नव्या बुटांच्या बॉक्समधे येतात ना त्या सिलिका जेलच्या पुड्या, काम फत्ते.

सकाळी चहा ठेवायच्या आधी किंवा चहासोबत, कधीही चालेल, फक्त मोबाइलच्या आधी. कार्डं मोठी असतात त्यामुळं रमीसारखी पिसायला जाऊ नका, वाकतात, टेबलावर पालथी पसरून हातानं गोल गोल फिरवा आणि गोळा करा. चित्र डोक्यावर उलटं आलं तर सरळ करून घ्या, अशा उलट्या म्हणजे रिव्हर्स्ड कार्डांचे वेगळे अर्थ लावतात, पण सुरुवातीला ते नकोत. मग प्रश्न. सगळी गंमत इथं आहे. प्रमोशन मिळेल का, तो फोन करेल का, असलं हो-नाहीचं विचारायचं नाही, त्यासाठी आपल्याकडं देवाला कौल लावायची पद्धत आहे. माझा आवडता प्रश्न, "आज मी कशाकडं काणाडोळा करतेय?" दुसरा, "आज कुठं घाई नको?" प्रश्न असा पायजे की उत्तर तुमच्याकडंच असेल.

कार्ड उघडलं की कार्डांच्या अर्थाचं पुस्तक लगेच उघडायचं नाही, गुगल पण नाही. निदान एक मिनिट नुसतं चित्र बघा. नजर आधी कुठं गेली? चित्रातलं कोण तुम्ही आहात? कुणाचा राग आला? मग वहीत दोनच ओळी लिहा, शुद्धलेखन-बिद्धलेखन गेलं खड्ड्यात.

उदाहरण देते. फोर ऑफ कप्स. झाडाखाली एक पोरगा हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन पेले, आणि बाजूला ढगातनं एक हात चौथा पेला पुढं करतोय, याचं लक्षच नाही. पुस्तकात सापडेल कंटाळा, चालून आलेली संधी न दिसणं वगैरे. पण माझ्या मावसबहिणीनं हे कार्ड बघितलं आणि पटकन म्हणाली, "बसू दे की त्याला, सारखं काय पुढं करतंय कोण ते." तिच्या घरी तेव्हा पाहुण्यांचा राबता होता आणि ती सगळ्यांना हसून वाढत होती. तिला किती दमायला झालंय हे तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा बाहेर पडलं. पुस्तक आधी वाचलं असतं तर संधी कुठली हुकतेय म्हणून शोधत बसली असती आणि हे तसंच आत राहिलं असतं. पुस्तक वाचा, जरूर वाचा, पण स्वतःच्या दोन ओळी झाल्यावर, आणि दोन्हीत फरक पडला तर आपल्या ओळी खोडू नका.

रात्री जेवणं आटोपली की तीच वही उघडायची. सकाळी जे लिहिलं त्यातलं दिवसभरात काय दिसलं, काय अजिबात नाही, एका ओळीत लिहा. जे चुकलं तेही लिहा, हे लोक करतच नाहीत. आपल्या मनाची खोड अशी की जुळलेलं तेवढं लक्षात ठेवतं आणि बाकीचं विसरतं, मग चार दिवसांत आपल्याला वाटायला लागतं की आपण लई पोचलेले. गुळव्याची पाण्यातली गोळी ती हीच. महिनाभर असं केलं की पानं उलटून बघा, तुमचा अंदाज कुठल्या बाबतीत बरोबर येतो ते कळायला लागतं. कुणाला माणसांचं पटकन कळतं पण पैशाचं कायम चुकतं, कुणाचं बरोबर उलटं.

भीती आणि आतला आवाज यातला फरकही वहीतच दिसतो. माझ्यापुरतं सांगते, भीतीनं लिहिलेलं असलं की पान भरतं, असं झालं तर, मग तसं झालं तर, सगळं उद्याचं. खरंच कळलेलं असतं ते एका ओळीत येतं आणि बऱ्याचदा फारच साधं असतं, "आज तिला फोन कर" असलं काहीतरी. तुमचं वेगळं असू शकेल, पण महिन्याभराच्या पानांवर हे हमखास ओळखू येतं.

डेथ किंवा टॉवर हे कार्ड आलं म्हणून कामाला दांडी मारू नका. डेथ म्हणजे कुणी मरणार असा अर्थ लावत नाहीत, एखादी गोष्ट संपून बदल होतोय असा लावतात, आणि त्या चित्रात मागं दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य पण आहे, सांगाड्याच्या नादात तो दिसतच नाही लोकांना. टॉवरवर वीज पडतेय, माणसं खाली पडतायत, चित्र भीतीदायक आहे हे खरं, मग तसंच लिहा वहीत, की भीती वाटली आणि कशाची वाटली. आवडलं नाही म्हणून दुसरं कार्ड काढायचं नाही. दिवसाला एकच, मग कसलंही येवो. एकच कार्ड सारखं सारखं आलं तर आधी नीट पिसा, बऱ्याचदा कारण तेच असतं, आणि तरी आलं तर मागची पानं काढून बघा, प्रत्येक वेळी त्यात वेगळं काय दिसलं.

तब्येत, औषधं, कोर्टाची कामं, पैसे गुंतवणं यात कार्ड आणू नका, तिथं डॉक्टर, वकील, सीए. मन फारच खचलेलं असेल, झोप उडाली असेल, तर थोडे दिवस कार्डं डब्यात ठेवून माणसाशी बोला. आणि दुसऱ्यांसाठी कार्ड काढायची घाई नको. नाक्यावर एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली दारात, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, लग्न कधी.