शॉर्टफिल्म तयार झाली, आता दाखवायची कुठे?

एडिट लॉक झालं, साउंड मिक्स झालं, ग्रेडिंग झालं, क्रूच्या ग्रुपवर लिंक गेली आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. इथपर्यंतचा रस्ता आता बऱ्याच जणांना माहीत असतो. पुढचा माहीत नसतो, आणि म्हणून चांगल्या चांगल्या फिल्म्स घाईघाईने यूट्यूबवर जातात आणि आठवड्याभरात विसरल्या जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पगारातून पैसे बाजूला काढून, मित्रांच्या रविवारच्या सुट्ट्या मागून केलेलं ते काम असतं. मी मुंबईत शॉर्टफिल्म्स करते. एका छोट्या महोत्सवासाठी आलेल्या एन्ट्रीज बघून पहिली चाळणी लावण्याचं कामही केलं आहे. स्वतःची फिल्म पाठवताना आणि इतरांच्या निवडताना जे कळलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी क्रम ठरवा. बऱ्याच मोठ्या महोत्सवांना आधी कुठेही ऑनलाइन न आलेली फिल्म हवी असते. कुणाला जागतिक प्रीमियर हवा असतो, कुणाला फक्त भारतातला पहिला खेळ. एकदा फिल्म सगळ्यांसाठी नेटवर खुली केली की हे दरवाजे बंद होतात आणि व्हिडिओ काढून टाकला तरी ते पुन्हा उघडत नाहीत. म्हणून जिथे प्रीमियरची अट कडक आहे तिथे आधी पाठवा, मग देशातले महोत्सव, मग शहरातले छोटे खेळ, आणि नेटवर सगळ्यात शेवटी. यात वर्ष-दीड वर्ष जातं. ते जाऊ द्या. फक्त एक लक्षात असू द्या: महोत्सवाच्या फॉर्मवर फिल्म कधी पूर्ण झाली ते विचारतात आणि बहुतेकांना मागच्या एक-दोन वर्षांतलंच काम लागतं. त्यामुळे मिक्स पूर्ण व्हायच्या आधी क्रेडिट्समध्ये घाईने साल टाकून ठेवू नका.

पाठवण्याआधी बघा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेक जण टाळतात. ज्या महोत्सवात फिल्म दाखवायची आहे तिथे एक वर्ष नुसतं प्रेक्षक म्हणून जाऊन बसा. मुंबईत यासाठी फार खर्च येत नाही. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून या शहरात जगभरचा सिनेमा दाखवत आलं आहे आणि त्याचं 'वास्तव रूपवाणी' हे मराठीतलं नियतकालिक जुन्या अंकांसकट वाचण्यासारखं आहे. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन हे जर्मन सांस्कृतिक केंद्र आहे, फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सवातही सिनेमाचा विभाग असतो. वर्सोव्याला हरकत स्टुडिओसारख्या छोट्या जागा आहेत. तिथे प्रेक्षक मोजकेच असतात, पण खेळानंतर कुणी पटकन उठून जात नाही. जुहूच्या पृथ्वी हाउसमध्ये 'विकल्प' या माहितीपटकारांच्या गटातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं दर महिन्याला माहितीपट दाखवले, त्यावर मनसोक्त वाद घातले. माझ्या ओळखीचे कितीतरी संकलक आणि कॅमेरामन एकमेकांना अशाच खुर्च्यांवर भेटले.

आपल्या शहरातला शॉर्टफिल्मवाल्यांचा सगळ्यात मोठा मेळावा म्हणजे मिफ, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. माहितीपट, लघु कथापट आणि ॲनिमेशन यांच्यासाठीच तो भरतो. १९९० साली सुरू झाला, दर दोन वर्षांनी होतो. आधी फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था भरवायची, आता तिचं विलीनीकरण झाल्यामुळे एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, भरवतं. पेडर रोडचं फिल्म्स डिव्हिजनचं आवार हे त्याचं जुनं घर. तिथेच गुलशन महल आहे, भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. डेलिगेट म्हणून नाव नोंदवा आणि सकाळच्या पहिल्या खेळापासून बसा. इंडियन डॉक्युमेंटरी प्रोड्युसर्स असोसिएशन, म्हणजे आयडीपीए, ही १९५६ पासूनची संस्था तिथे ओपन फोरम घेत आली आहे. निधी, वितरण, सेन्सॉर यांवर तिथे होणारी चर्चा नवख्या माणसाने जरूर ऐकावी. आयडीपीएचे स्वतःचे पुरस्कारही असतात आणि त्यांत विद्यार्थ्यांच्या कामालाही जागा असते.

मिफचा एक इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा, कारण आज मिळणाऱ्या मोकळीकीचं मूळ त्यात आहे. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय फिल्म्सना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली होती. माहितीपटकार एकत्र आले, देशभरातून विरोध झाला, अट मागे घ्यावी लागली. पण पुढे निवडीत बऱ्याच राजकीय फिल्म्स गळल्या, तेव्हा त्याच काळात प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात समांतर महोत्सव भरला. 'विकल्प' हे नाव तिथलं. आपली फिल्म कुणी घेतली नाही तर आपणच पडदा लावायचा, ही या शहराची रीत आहे आणि ती मला फार जवळची वाटते.

मुंबईतले बाकीचे थोडक्यात सांगते. थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव २००२ पासून होतो. त्याच्या लघुपट स्पर्धेत मराठी फिल्म्सना चांगला, जाणता प्रेक्षक मिळतो. कशिश हा महोत्सव २०१० पासून क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे विषयांवरच्या फिल्म्ससाठी आहे. मरीन लाइन्सच्या लिबर्टीच्या भव्य पडद्यावर त्यांनी शॉर्टफिल्म्स दाखवल्या आहेत आणि तिथला प्रेक्षक ज्या आपुलकीने टाळ्या वाजवतो ते एकदा अनुभवाच. मामीमध्ये, म्हणजे मुंबई फिल्म फेस्टिव्हलमध्ये, तरुणांनी मुंबईवर केलेल्या छोट्या फिल्म्ससाठी 'डायमेन्शन्स मुंबई' हा विभाग असायचा. मामी २०२५ मध्ये झाला नाही, म्हणून अशा कुठल्याही महोत्सवावर वर्षभराचं नियोजन टांगून ठेवू नका, त्या वर्षीची घोषणा बघूनच ठरवा. विद्यार्थी असाल तर टिसच्या, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या, माध्यम विभागाचा 'कट.इन' हा महोत्सव विद्यार्थी माहितीपटांसाठी आहे. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२१ पासून तरुणांसाठी 'क्रिएटिव्ह माइंड्स' हा उपक्रम चालतो. त्यात निवड झाली की ४८ तासांत फिल्म करण्याचं आव्हान असतं.

आता चाळणी लावताना काय दिसतं ते. इथे जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक एन्ट्री इथेच गळतात.

आधी आवाज. चित्र थोडं कच्चं असलं तरी चालतं, पण संवाद ऐकू येत नसेल तर कितीही सहानुभूतीने बघणारा माणूस थकतो. मग सुरुवात. निर्मिती संस्थेचा लोगो, मग दुसरा लोगो, मग आभार, मग ड्रोनने टिपलेली सी-लिंक. फिल्मची पहिली दोन मिनिटं अशी गेली तर बघणाऱ्याचा हात पुढच्या एन्ट्रीकडे वळतो. लांबीचंही तसंच. कार्यक्रम आखणारा तास-दीड तासाच्या एका खेळात पाच-सहा फिल्म्स बसवत असतो. बारा मिनिटांची फिल्म कुठेही बसते. अठ्ठावीस मिनिटांची बसवायची तर दुसऱ्या दोन काढाव्या लागतात, म्हणजे ती त्या दोघींपेक्षा सरस असावी लागते. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंत शॉर्टफिल्म समजतात, कानच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांची आहे. पण नियमात बसते म्हणून फिल्म लांबवू नका.

आणि सबटायटल्स. मराठी फिल्म्सचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मालवणी किंवा आगरी बोलीतला झणझणीत संवाद असतो आणि खाली सपाट, चुकीचं इंग्रजी. किंवा पात्र उत्तर द्यायच्या आधीच उत्तर पडद्यावर आलेलं असतं आणि विनोद मरतो. एका ओळीत साधारण ४० अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि पात्राच्या श्वासाबरोबर येणं-जाणं, एवढं तरी पाळा. ज्याला मराठी अजिबात येत नाही अशा माणसाला आवाज बंद करून फिल्म दाखवा. त्याला गोष्ट कळली तर काम झालं. यासाठी पैसे द्यावे लागले तर द्या. पोस्टरवरचे वाचवा, इथले वाचवू नका.

गाण्यांचा प्रश्न फार जण नंतर बघू म्हणून सोडतात. टपरीवरच्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजतंय, दृश्य सुंदर झालंय, पण परवानगी नाही. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, तर रचनेचा गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड जुनी आहे एवढ्यावर गाणं मोकळं होत नाही. ओळखीच्या संगीतकाराकडून दोन मिनिटांचा तुकडा करून घ्या आणि साध्या कागदावर का होईना, त्याची लेखी संमती घ्या. महोत्सवाच्या फॉर्मवर सगळे हक्क आपल्याकडे आहेत असं तुम्ही सही करून सांगत असता.

सेन्सॉरबद्दल नवख्यांच्या मनात उगाच भीती असते. महोत्सवातल्या खेळांसाठी आयोजक सरकारकडून सूट घेतात, त्यामुळे तिथे सहसा प्रमाणपत्र लागत नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना मात्र ते लागतंच, आणि तेही त्या वर्षाच्या मुदतीतलं. नॉन-फीचर, म्हणजे माहितीपट-लघुपटांच्या विभागात पाठवायची इच्छा असेल तर सीबीएफसीचा, म्हणजे सेन्सॉर बोर्डाचा अर्ज आधीपासून नियोजनात धरा. धूम्रपानाचं दृश्य असेल तर इशारा, प्राणी असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी, हे शूटिंगच्या आधीच बघायचं असतं. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ला २०१० सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या नॉन-फीचर फिल्मचा पुरस्कार मिळाला. ती फिल्म त्यांनी नगरला शिकत असताना केली होती. मोठं निर्मितीगृह पाठीशी नसताना हा दरवाजा उघडतो, याचा याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

पैशांकडे वळू. बहुतेक एन्ट्रीज आता फिल्मफ्रीवे या वेबसाइटवरून जातात. फी डॉलरमध्ये असते आणि अर्ली, रेग्युलर, लेट अशा टप्प्यांनी वाढत जाते. शिवाय बँक चलनबदलाचे पैसे कापते, आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावे लागतात. शूटिंगचं बजेट करतानाच एन्ट्री फीची रक्कम वेगळी काढा आणि सगळं अर्ली डेडलाइनला पाठवा. निवडणाऱ्यांचे डोळेही तेव्हा ताजे असतात. परवडत नसेल तर आयोजकांना चार ओळींचं पत्र लिहून फी माफी मागा. आपण कोण, फिल्म काय, त्यांच्याच महोत्सवात का, आणि विनंती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माफी मिळते, नेहमी नाही, पण मिळते.

याच ठिकाणी फसवणूकही आहे. दर महिन्याला पुरस्कार देणारे, खेळ कुठल्या हॉलमध्ये झाला ते न सांगणारे, शंभर-दीडशे विभाग असलेले, जिंकल्यावर ट्रॉफीचे पैसे वेगळे मागणारे 'महोत्सव' ढिगाने आहेत. फाळक्यांचं नाव लावून चालणारे खाजगी पुरस्कारही आहेत. भारत सरकारचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, तो जीवनभराच्या कार्यासाठी असतो आणि त्यासाठी कुणी एन्ट्री भरत नाही. पोस्टरवर निवडीची खूण म्हणून छापतात त्या लॉरेलच्या पानांची रांग लावण्यापेक्षा एका खऱ्या हॉलमध्ये पन्नास अनोळखी माणसांनी फिल्म बघितलेली बरी. तपासायचं कसं? मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागा, हॉलचं नाव बघा, तिथे दाखवलेल्या एखाद्या दिग्दर्शकाला सरळ मेसेज करून विचारा. आपल्याकडचे लोक मोकळेपणाने सांगतात.

मुंबईबाहेर पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पिफ आहे, त्यात विद्यार्थ्यांची स्पर्धा असते. तिरुवनंतपुरमला माहितीपट आणि लघुपटांचा मोठा महोत्सव भरतो. बंगळुरूचा लघुपट महोत्सव ऑस्करसाठी पात्र ठरवणाऱ्या महोत्सवांच्या यादीत आहे. धरमशालाचा २०१२ पासून चालतो आणि तिथली निवड मला नेहमी मनापासून केलेली वाटते. परदेशात जर्मनीतलं ओबरहाउजेन आणि फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ ही लघुपटांची जुनी, खरी ठिकाणं. फिल्म स्कूलमध्ये शिकत असाल तर कानच्या ला सिनेफबद्दल शाळेत विचारा, तो विभाग विद्यार्थ्यांसाठीच आहे. दिग्दर्शिका पायल कपाडियाची शॉर्टफिल्म २०१७ मध्ये तिथेच होती.

निवड झाली की डीसीपी, म्हणजे थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची प्रत मागतात. डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या संगणकावर चालतं. पण तयार केलेली फाइल थिएटरमध्ये एकदा चालवून बघितल्याशिवाय देऊ नका. फोनच्या कॅमेऱ्यावर शूट करत असाल तर सेकंदाला २४ फ्रेम्स आधीच ठरवून टाका, ३० वरून उतरवताना हालचाल अडखळते.

आणि स्वतः खेळ लावा. महोत्सवांची फेरी आटोपत आली की चार-पाच जणांनी मिळून साठ-सत्तर खुर्च्यांची जागा घ्यायची, प्रत्येकाची एक फिल्म, मग गप्पा. दुपारी जाऊन पडदे ओढल्यावर खरंच अंधार होतो का ते बघायचं, मागच्या रांगेत बसून संवाद ऐकायचे. ज्या चाळीत, ज्या वस्तीत शूट केलं तिथेही एक खेळ झालाच पाहिजे. पाणी दिलं, वायर ओढू दिली, आवाज बंद ठेवला, त्या माणसांना आपली फिल्म बघायचा पहिला हक्क आहे. ठाणे, डोंबिवली, वसईच्या वाचनालयांत आणि महाविद्यालयांत विचारा. तिथला प्रेक्षक अंधेरीपेक्षा वेगळे प्रश्न विचारतो आणि पुढच्या पटकथेला ते उपयोगी पडतात.

त्यानंतर नेट. स्वतःच्या चॅनलवर टाका किंवा शॉर्टफिल्म्स दाखवणाऱ्या एखाद्या चॅनलला द्या. दुसऱ्याला देत असाल तर करारात 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द आहे का ते बघा. असेल तर बदल्यात नक्की काय मिळतंय ते विचारा. हक्क किती वर्षांसाठी देताय ते बघा, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ती लिहून घ्या. मास्टर फाइल त्यानंतरच पाठवायची.